नावाला आठ सेकंद

आप्पासाहेबांच्या कारखान्यात बिघाडाचं बारसं करायची जुनी रीत होती. जो कुणी एखादा बिघाड पहिल्यांदा घेऊन येईल, त्याचं किंवा त्याच्या गावाचं नाव त्या बिघाडाला चिकटायचं ते कायमचं. लातूरच्या एमआयडीसीत अगदी मागच्या अंगाला हा कारखाना, सगळी मिळून सोळा माणसं, आणि तिथं दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनत. यंत्र दूध मोजायचं, फॅट सांगायचं आणि चिठ्ठी छापून हातात द्यायचं. नळीत जुनं दूध साचून मोजमाप बिघडलं की त्याला 'कंधार' म्हणत, कारण ती तक्रार पहिल्यांदा कंधारहून आली होती. काटा डुगडुगायला लागला की 'सिद्धम्मा'. निलंग्याकडच्या सिद्धम्मांच्या केंद्रात एकदा एक शेळी पुढचे दोन पाय काट्यावर ठेवून उभी राहिली, आणि यंत्रानं इमानदारीत तिच्या नावावर सतरा लिटर दूध लिहून घेतलं. सिद्धम्मांनी ती चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे.

आणि मग 'वैजनाथ'. औशाच्या पुढं सोलापूर रस्ता सोडून आत गेलं की हिप्परवाडी लागते. तिथलं केंद्र केवळाबाई चालवतात, आणि वैजनाथ त्यांचे मालक, म्हणजे नवरा. दोन वर्षांपूर्वी मोजता मोजता वीज गेली आणि यंत्रानं आधीच्याच माणसाची चिठ्ठी पुन्हा छापून दिली. वैजनाथनी फोनबिन काही केला नाही. यंत्र गोधडीत गुंडाळलं, लेकरासारखं मांडीवर घेतलं आणि एसटीनं थेट लातूरला आणून आप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं होतं, असं ते सांगतात. खरं-खोटं देव जाणे. त्या दिवसापासून मोजमापाच्या मधेच वीज बदलली की तो बिघाड 'वैजनाथ'.

रेणुका या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी आली. मूळची नांदेडची, शिकली तिथंच, पुण्यात चार वर्षं मोठ्या कंपनीत काढली आणि एक दिवस कंटाळून परत फिरली. लोक म्हणाले, पुणं सोडून लातूरला कोण येतं? सकाळी चालत कामाला जावं, डब्यात धपाटे असावेत, आणि आपण लिहिलेलं काम कुणाच्या हाताखाली चालतं ते डोळ्यांनी दिसावं, एवढंच तिला हवं होतं. ते तिला मिळालं होतं, त्यामुळं ती खुशीत होती.

यंत्राच्या पोटात छोटा संगणक होता, त्यावर लिनक्स ही प्रणाली चालायची. त्यातला काट्याशी, नळीशी, विजेशी बोलणारा भाग रेणुकानं लिहिलेला. काही बिनसलं की कर्नल, म्हणजे त्या सगळ्या पसाऱ्याचा कारभारी, यंत्राच्या छोट्या पडद्यावर एक ओळ छापायचा. पूर्वी त्या ओळीत नुसता आकडा असे. शून्य, एक्स, दोन, सी, असलं काहीतरी. दिसायला एक आकडा, पण त्याच्या आत आठ खुणा दडलेल्या असतात, आठ खिडक्यांच्या भिंतीसारख्या. कुठली उघडी, कुठली बंद, ते त्या एका आकड्यावरून ओळखायचं. इंजिनिअरला हे जमतं. पण केंद्रावरची बाई फोनवर सांगायची, "ताई, बी हाय का डी हाय, डोळ्याला घावंना," आणि मग मेकॅनिक धम्मानंद मोटरसायकलवर साठ किलोमीटर जाऊन भलतीच नळी साफ करून यायचा.

म्हणून रेणुकानं पानभर कोड लिहिला. आकड्यातली एकेक खूण बघायची, लागलेली असेल तर तक्त्यातून तिचं नाव काढायचं, आणि नावानावांमधे उभी रेघ देऊन सगळं मराठीत छापायचं. जगभरचे कर्नलवाले हेच करतात, फक्त त्यांची नावं इंग्रजी आणि वाळक्या लाकडासारखी असतात. रेणुकाच्या तक्त्यात कारखान्यातलीच नावं होती: कंधार, अहमदपूर, सिद्धम्मा, वैजनाथ.

आप्पासाहेबांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं. "तोंडी ठीक हाय ग. पण यंत्रात आकडाच शोभतो. मोठमोठ्या कंपन्यांची मशिनी बघ, कुठं कुणाच्या बापाचं नाव हाय का?"

"आप्पा, मोठ्या कंपन्यांची मशिनी बिघडली की लोक फेकून देतात. आपली लोक फोन करतात."

आप्पासाहेबांनी परवानगी देऊन टाकली. वैजनाथना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले. आपलं नाव बारा केंद्रांच्या मशिनीत आहे, हे ते लग्नाकार्यात अनोळखी पाहुण्यांनाही सांगत. नावं आली आणि धम्मानंदच्या चकरा निम्म्यावर आल्या. रेणुकाला वाटलं, आपण जिंकलो.

नेमकी तेव्हाच हिप्परवाडीची मशीन अडकायला लागली.

सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान, ऐन दूध घालायच्या वेळी, ती मधेच गप्प व्हायची. पडद्यावर ओळ यायची, आठ सेकंद टिकायची, आणि मग आतलं राखणदार घड्याळ यंत्राला दणका देऊन पुन्हा सुरू करायचं. सुरू झालं की मागचं काही शिल्लक नाही. जे कळायचं ते त्या आठ सेकंदांत. केवळाबाईंचा फोन साधा, बटणाचा. वैजनाथचा मोठा फोन वैजनाथच्या खिशात, आणि वैजनाथ गल्लोगल्ली कॅन गोळा करत. म्हणून केवळाबाई फोन कानाला लावून ओळ वाचून दाखवायच्या.

"ताई, थांबली बगा. कंधार... आन् सिद्धम्मा."

"वीज गेली होती का मावशी?"

"न्हाई वो. बल्ब ढणढण चालू हाय."

कंधार आणि सिद्धम्मा, म्हणजे नळी घाण आणि काटा हलतोय. धम्मानंद गेला, नळी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नळी बदलली. पुन्हा तेच. काट्याचे पाय बदलले, खाली शहाबादी फरशी बसवली, फरशीखाली वाळू भरली. मग एक दिवस तो पहाटेच निघून सहा वाजता तिथं जाऊन बसला, तर त्या दिवशी मशीन शहाण्या सुनेसारखी वागली. तो माघारी फिरला आणि दुसऱ्या सकाळी केवळाबाईंचा फोन आला, "कंधार... आन् सिद्धम्मा."

"ताई," धम्मानंद हेल्मेट टेबलावर आपटून म्हणाला, "आता त्या काट्याखाली किल्ल्याचा बुरूज बांधायचा राहिलाय फक्त."

आठवडा असा गेला. आप्पासाहेबांनी रेणुकाला बोलावलं. ते रागावले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. "हे बग, नावानं कळायला सोपं जातं म्हणलीस, मी मान्य केलं. पण नाव वाचून बी बिघाड घावंना मंजे काय फायदा? रईवारपस्तोर बग. न्हाई जमलं तर सोमवारी सगळ्या बारा मशिनीवर परत आकडे टाक. माजं काई भांडण न्हाई तुज्याशी."

रेणुका "बरं" म्हणाली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. तिला वाईट वाटलं. ती काही मोठा शोध लावला असं समजत नव्हती. पण शिकलेल्या माणसाचं यंत्र सातवी झालेल्या बाईशी तिच्या भाषेत बोलू शकतं, ही एकच गोष्ट तिनं पुणं सोडून आल्यावर केली होती, आणि आता तीच पुसली जाणार होती. संध्याकाळी तिनं नांदेडला आईला फोन केला, पण यातलं काही सांगितलं नाही. पार्वतीबाई म्हणाल्या, "थांब, तुजे पप्पा बोलतो म्हनून राहिलेत," आणि फोन साहेबरावांकडं गेला. रेणुका दोघांशीही पावसापाण्याचं बोलली आणि झोपली.

गुरुवारी ती स्वतःच निघाली. धम्मानंदच्या मागं बसून औसा ओलांडला तेव्हा नुकतं उजाडत होतं. हिप्परवाडीचं केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली, समोर ओटा, ओट्यावर चरव्या घेतलेल्या बायांची रांग. केवळाबाईंनी आधी चहा पाजला, मग बोलू दिलं. पन्नाशीच्या पुढच्या, हात सारखे चालते, जीभही चालती. रांगेतल्या प्रत्येकीशी त्यांचं काहीतरी शिल्लक भांडण होतं आणि ते त्या दूध ओतून घेता घेता उरकत होत्या. रेणुका पडद्यासमोर स्टूल घेऊन बसली.

पावणेसातला वैजनाथ कॅन घेऊन आले. रेणुकाला बघून त्यांना कोण आनंद झाला. "ताई, आपली मशीन बरी हाय ना? तिला म्या आता इन्व्हर्टर बी जोडून दिलाय. बारा दिस झाले. लाइट गेली तरी पत्ता लागत न्हाई!"

रेणुका काही बोलणार, तेवढ्यात मशीन थांबली.

पडद्यावर ओळ आली. केवळाबाईंचा हात सवयीनं कमरेच्या फोनकडं गेला, मग त्या हसल्या. "ताई तर हितंच हायती की." आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "थांबलं. कंधार... आन् सिद्धम्मा."

रेणुका पडद्याकडंच बघत होती. तिथं लिहिलं होतं, थांबलं: कंधार | वैजनाथ | सिद्धम्मा.

"मावशी, परत वाचा बरं."

"कंधार... आन् सिद्धम्मा."

"आणि मधलं?"

"मधलं हाय की."

"काय आहे ते?"

"ते." केवळाबाईंनी पदर सारखा केला आणि हनुवटीनं दाराकडं खूण केली. दारात वैजनाथ कॅन धरून उभे होते. "हे."

ओळ गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं. रांगेत आधी एकजण खुदकन हसली आणि मग सगळा ओटा हसायला लागला. "आवो ताई," पुढची बाई म्हणाली, "घरधन्याचं नाव तोंडानं घ्यावं का बाईनं? तीन लेकरं झाली, चार नातवंडं झाली, अजून घेतलं न्हाई तिनं!"

"मी लपवलं न्हाई ताई," केवळाबाई कळवळून म्हणाल्या. "दर बारीला तिथं जरासंक थांबतच हुते की. तुमाला वाटलं आसंल, बाई दम घेऊन राहिली."

रेणुकानं कपाळाला हात लावला. प्रत्येक फोनवर ते थांबणं होतं. कंधार, मग श्वासभर गप्प, मग आन् सिद्धम्मा. तिनं आठवडाभर ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. आणि ती कुठं परदेशातून आली होती? परवाच आई म्हणाली होती, तुजे पप्पा बोलतो म्हनून राहिलेत. नांदेडच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली पार्वतीबाई, हजेरीत साहेबराव नावाचं पोर असलं तर त्याला आडनावानं हाक मारायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, आणि इथं तर वळसा रोज साठ किलोमीटरचा पडला होता.

धम्मानंद ओट्यावर बसून पोट धरून हसत होता. "ताई, म्या फरशीखाली वाळू भरली हो! वाळू!"

मधलं नाव कळल्यावर बाकी सगळं पाच मिनिटांत उलगडलं. खरं कारण तेच होतं. त्या सुमाराला लाइट जायची, म्हणजे वीज बदलत होती, पण नवा इन्व्हर्टर इतक्या झटक्यात ती उचलायचा की बल्बही मिचकायचा नाही. तेवढ्या क्षणात नळीतलं दूध थबकायचं म्हणून 'कंधार' लागायचं, काट्याचं वजन उडायचं म्हणून 'सिद्धम्मा'. आणि यंत्र अडकायचं रेणुकाच्याच चुकीनं. वीज बदलली की ती पुन्हा स्थिर झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबायचं, असं तिनं लिहिलं होतं. जुन्या दिवसांत तो निरोप सावकाश यायचा. आता यंत्र वाट बघायला बसायच्या आतच निरोप येऊन जायचा. पाहुणा जेवून गेला आणि घरचे दारात ताटकळत उभे, अशी गत.

"मावशी," निघताना रेणुका म्हणाली, "मी ते नाव बदलते. तिथं नुसतं 'वीज' लिहिते. तुम्हाला अडचण नको."

वैजनाथचा चेहरा पडला. ते कॅनचं झाकण उगीच लावत-काढत राहिले. माणूस दुखावला की हाताला काम शोधतो.

केवळाबाईंनी ते बघितलं. नवऱ्याकडं नाही, कॅनकडं बघत त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई. नाव काढू नका. तेवडं माज्यावर सोडा."

दुपारी रेणुकानं आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, मग उपरण्यानं डोळे पुसले आणि एकदम मालक झाले. "मंजे आकडा आसता तर पयल्याच दिशी घावलं आसतं."

खोटं बोलायची संधी होती. रेणुकानं ती घेतली नाही. "हो आप्पा. आकड्यातली खूण कुणी गाळली नसती."

"खरं बोललीस. पण मंग नावं ठिवायला कारण काय उरलं, सांग?"

रेणुका आपल्या जागेवर परत गेली. तिनं वाट बघण्याची चूक दुरुस्त केली, वीज बदलतानाचं नळीचं आणि काट्याचं मोजमाप सोडून द्यायचं केलं, शुक्रवारी धम्मानंदनं जाऊन नवा कोड हिप्परवाडीच्या मशिनीत घातला, आणि केवळाबाईंना निरोप दिला की आता मशीन अडकणार नाही, पण वीज बदलली की ओळ येईल, तेवढी फोनवर वाचून दाखवा.

शनिवारी सकाळी साडेसहालाच आप्पासाहेब कारखान्यात हजर होते. रेणुका होती, धम्मानंद होता, टेबलावर तीन चहा होते, आणि मधे रेणुकाचा फोन. पावणेसात झाले. सात वाजायला आले. फोन वाजला, रेणुकानं स्पीकर लावला.

"ताई, मशीन चालू हाय! थांबली न्हाई. एकच नाव आलंय पाटीवर."

"कोणतं मावशी?"

पलीकडं शांतता पसरली. मग लांबून बायांचे आवाज, "घे की ग! घे की!" मग कुणीतरी हसलं. रेणुकानं आप्पासाहेबांकडं बघितलं नाही. तिची नजर चहावर धरलेल्या सायीवर होती. मग केवळाबाईंनी घसा खाकरला आणि लग्नातल्या नव्या नवरीच्या आवाजात, थांबत थांबत, पण खणखणीत म्हटलं:

"पहाटेच्या दुधाला साय धरती दाट,
वैजनाथरावांची बगती मशीन वाट!"

फोनमधून ओट्याचा कल्ला असा उसळला की चहाच्या कपबशा किणकिणल्या. त्या गोंधळात एका बाप्याचा आवाज येत होता, "ऐकलं का? ऐकलं का सगळ्यांनी?" तो कुणाचा, हे सांगायला नको.

"पर ताई," केवळाबाई पुन्हा फोनवर आल्या, त्यांना धाप लागली होती, "म्हणेपस्तोर ओळ गेली की वो. आठ मोजता येत न्हाईत तवर जाती. उद्या दोन नावं आली तर दुसरं कसं ध्यानात राहील?"

"बघते मावशी," रेणुका म्हणाली. तिनं फोन ठेवला, लॅपटॉप ओढला आणि कोडमधली ती ओळ उघडली. आठचे वीस केले. प्रत्येक बदलाखाली तो का केला ते लिहावं लागतं, ही कर्नलवाल्यांची शिस्त. तिनं लिहिलं: 'पडद्यावरची ओळ ८ ऐवजी २० सेकंद टिकेल. कारण, केवळाबाईंना नाव घ्यायला वेळ लागतो.'

आप्पासाहेब तिच्या खांद्यावरून वाचत उभे होते. सोमवारचं, आकड्यांचं त्यांनी काहीच काढलं नाही. चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वीसानं काय हुतंय," ते म्हणाले. "तीस कर. बाया मधी लाजत्यात बी."

रेणुकानं तीस केले आणि बारा मशिनींना पाठवून दिलं.